आकार, वेळ आणि पाण्याची बाटली

मागच्या शनिवारी रात्री अकराच्या सुमारास माझ्या हॉस्टेलमधल्या रूममेटचा फोन आला. गडी गडचिरोली जिल्ह्यातला. इंजिनिअरिंगची चार वर्षं आम्ही पुण्यात एकाच खोलीत काढली, आता तो त्याच्या गावाजवळच नोकरी करतो. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर म्हणाला, "बहिणीसाठी स्थळ आलं बे. पोरगा चांगला आहे, नोकरीवाला आहे. पण त्याचा रिपोर्ट एएस आला, अन् हिचा पण एएस. घरी कोणाले समजून नाही राहिलं. बाबा म्हणतात दोघंही तर धडधाकट दिसतात, मग अडचण काय? तू वाचत बसतोस ना काय काय, लिहून दे ना नीट."

एएस म्हणजे सिकलसेलचा वाहक. आणि माझा रूममेट स्वतः एसएस, म्हणजे रुग्ण.

तर हा वीकेंड त्यातच गेला. वाचता वाचता या आजाराच्या इतिहासात इतका शिरलो की बाबांसाठी लिहायचं पत्र बाजूलाच राहिलं आणि आधी हा लेख झाला. (पत्रही लिहिलं, ते शेवटी सांगतो.) शाळेत नववी-दहावीला आपण सगळ्यांनी 'पेशीची रचना व कार्य' असा धडा वाचलेला असतो. पेशींची आकृती काढायची, नावं द्यायची, पाच मार्क खिशात. रचना आणि कार्य हे दोन शब्द एकत्र का येतात, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. या एका आजाराने तो नीट समजावून सांगितला.

आधी तांबड्या पेशीबद्दल थोडं. १६७४ मध्ये लेव्हेनहूक नावाच्या डच कापडव्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून रक्तातले तांबडे कण पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. आज आपल्याला माहीत आहे की ही पेशी साधारण ७ ते ८ मायक्रॉन व्यासाची, दोन्ही बाजूंनी मधे दबलेली चकती असते. मेदूवड्याला भोक पाडता पाडता राहून गेलं, तर जसा दिसेल तशी. हा आकार उगाच नाही. तेवढाच माल एखाद्या गोल चेंडूत भरला असता तर पृष्ठभाग कमी मिळाला असता. चकतीला तो सुमारे ४० टक्के जास्त मिळतो. त्याचे दोन फायदे. एक, ऑक्सिजन पटकन आत-बाहेर होतो. आणि दुसरा जास्त महत्त्वाचा: कातडी सैल असल्यामुळे पेशी वाकते, दुमडते. आपल्या सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या पेशीच्या व्यासापेक्षाही अरुंद असू शकतात. भरलेला फुगा तिथून जाणार नाही, अर्धवट भरलेली पिशवी जाईल.

शिवाय या पेशीने जागा करण्यासाठी घरातलं बरंचसं सामान बाहेर फेकलेलं असतं. पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नाही, म्हणजे डीएनए नाही. ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिकाही नाहीत. आत आहे ते मुख्यतः हिमोग्लोबिन, एका पेशीत साधारण २७ कोटी रेणू! आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शन सर्व्हरवर फक्त बायनरी ठेवली आहे, सोर्स कोड कधीच काढून टाकलाय. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता शिकागो, १९०४. ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावरचा वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा विशीतला तरुण दंतवैद्यकी शिकायला शिकागोला आला होता. डिसेंबरमध्ये तो आजारी पडून प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. तिथे अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या इंटर्नने त्याच्या रक्ताचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्याला काही पेशी लांबट, टोकदार, विळ्यासारख्या वाकलेल्या दिसल्या. त्याने आपले वरिष्ठ डॉक्टर जेम्स हेरिक यांना दाखवलं. हेरिक यांनी सहा वर्षं वाट पाहिली आणि नोव्हेंबर १९१० मध्ये निबंध छापला. त्यात त्यांनी सरळ मान्य केलं की निश्चित निदान आपल्याला करता आलेलं नाही. चित्र होतं, अर्थ नव्हता.

नोएलचं पुढे काय झालं? मधली वर्षं तो पुन्हा पुन्हा हॉस्पिटलात येत राहिला, कधी स्नायूंचा संधिवात म्हणून, कधी पित्त म्हणून. तरीही त्याने दंतवैद्यकीची पदवी घेतली, मायदेशी परतला आणि सेंट जॉर्जेस गावात दवाखाना चालवला. १९१६ मध्ये फुप्फुसाच्या आजाराने तो गेला. वय ३२. हे वाचलं आणि थोडा वेळ लॅपटॉप मिटून बसलो. कारण सबमिशन्स, परीक्षा आणि मधेच हाडं फोडून काढणाऱ्या वेदना असा माणूस मी चार वर्षं शेजारच्या कॉटवर पाहिला होता.

असो. पुढे जाऊ.

१९१७ मध्ये व्हिक्टर एमेल यांनी एक साधाच प्रयोग केला. रुग्णाच्या रक्ताचा थेंब काचेखाली हवाबंद करून ठेवला आणि पाहत राहिले. सुरुवातीला नेहमीसारख्या दिसणाऱ्या पेशीही हळूहळू विळे झाल्या. आणि गंमत म्हणजे रुग्णाच्या वडिलांच्या रक्तातही तेच झालं. वडील ठणठणीत होते! १९२२ मध्ये व्हर्न मेसन यांनी आजाराला 'सिकल सेल ॲनिमिया' हे नाव दिलं. मग १९२७ मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवलं की ऑक्सिजन काढून घेतला की पेशी विळ्यासारखी होते आणि ऑक्सिजन परत दिला की पुन्हा चकती होते.

माझ्या मते इथे गोष्ट खरी वळली. विळा हा त्या पेशीचा कायमचा आकार नव्हता. तीच पेशी फुप्फुसातून निघताना चांगली असते, बोटाच्या टोकाशी ऑक्सिजन सोडला की बिघडते, परत फुप्फुसात आली की बऱ्याचदा सुधारते. दर फेरीत थोडं नुकसान होतं, आणि काही फेऱ्यांनंतर काही पेशी कायमच्या ताठ होऊन बसतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेल रुग्णाची १० ते २०. म्हणून रक्त कमी. आणि ताठ पेशी बारीक वाहिनीत अडकली की मागचा पुरवठा तुंबतो. म्हणून वेदना.

आमच्याकडे काही बग असे असतात की ते फक्त लोड असतानाच दिसतात. टेस्टरसमोर सगळं सुरळीत चालतं आणि मग टेस्टर म्हणतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय." माझा रूममेट दोन दिवस कॉटवर विव्हळायचा आणि तिसऱ्या दिवशी मेसमध्ये हसत पोळ्या मागायचा. आम्ही म्हणायचो, नाटक करतोय. आम्ही म्हणायचो म्हणजे काय, मीच म्हणालो होतो. तिसऱ्या वर्षाला, डिसेंबरात, प्रोजेक्टच्या रिव्ह्यूच्या आदल्या रात्री. चौघांच्या ग्रुपमध्ये त्याचा भाग अर्धा राहिला होता. "दर वेळी सबमिशनलाच कसं रे दुखतं तुझं?" तो काही बोलला नाही. भिंतीकडे तोंड करून झोपला.

आता कळतं की थंडी, जागरण, धावपळ, पाणी कमी पिणं, ताण ही सगळी दुखणं उठवणारी कारणं. सबमिशनच्या आठवड्यात ती सगळी एकदम हजर असतात. तेव्हा सबमिशनलाच दुखणार, नाहीतर कधी?

इतिहासाकडे परत. पेशीचा आकार का बिघडतो? १९४५ मध्ये विल्यम कॅसल या डॉक्टरांनी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांना या आजाराबद्दल सांगितलं. ऑक्सिजन असताना-नसताना फरक पडतो हे ऐकल्यावर पॉलिंग यांना वाटलं की गडबड पेशीच्या कातडीत नसून आतल्या हिमोग्लोबिनमध्ये असली पाहिजे. पेशीत ऑक्सिजन पकडणारं दुसरं आहे कोण? त्यांचे विद्यार्थी हार्वी इटानो आणि सहकाऱ्यांनी काही वर्षं खपून निरोगी आणि रुग्णाचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात पळवून पाहिलं. दोन्हींचा वेग वेगळा निघाला, म्हणजे विद्युतभार वेगळा. आणि वाहकांच्या रक्तात? दोन्ही प्रकार एकत्र. १९४९ मध्ये 'सायन्स'मध्ये निबंध आला आणि त्याच्या शीर्षकातच सिकलसेलला 'रेणूचा आजार' म्हटलं होतं. एखाद्या आजाराचं मूळ एका विशिष्ट रेणूत दाखवण्याची ही पहिली वेळ. त्याच वर्षी जेम्स नील यांनी आनुवंशिकतेचं गणितही मांडलं: आई-वडील दोघेही वाहक असतील तरच मूल रुग्ण होऊ शकतं. एमेल यांच्या रुग्णाचे वडील ठणठणीत का होते, याचं उत्तर ३२ वर्षांनी मिळालं.

पण रेणूत नेमका फरक कुठे? हे केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये शोधलं. पद्धत ऐकून कोणताही प्रोग्रॅमर खूष होईल. आख्खा रेणू वाचायची सोय तेव्हा नव्हती. म्हणून त्यांनी ट्रिप्सिन हे पाचकद्रव्य वापरून दोन्ही हिमोग्लोबिनचे तुकडे केले, ते कागदावर एकदा विजेने आणि एकदा द्रावकाने पसरवले आणि ठिपक्यांचे दोन नकाशे शेजारी शेजारी ठेवले. सरळसरळ डिफ काढला! सगळे ठिपके जुळले, एक सोडून. त्या एका तुकड्यात शोधता शोधता फरक सापडला: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं होतं, तिथे व्हॅलिन बसलं होतं. अल्फा साखळीत १४१ अमिनो आम्लं, बीटात १४६. म्हणजे २८७ मधलं एक. पुढे डीएनए वाचता आल्यावर कळलं की एक अक्षर बदललंय, 'ए'च्या जागी 'टी'.

एका अक्षराने एवढं काय होतं? ग्लुटामिक आम्लाला विद्युतभार आहे, ते पाण्यात सुखाने राहतं. व्हॅलिन तेलकट, त्याला पाणी नको. ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनचा आकार थोडा बदलतो आणि शेजारच्या रेणूवर एक खोबण उघडी पडते. हे व्हॅलिन तिथे जाऊन बसतं. त्याला दुसरा रेणू चिकटतो, मग तिसरा. दोर वळावा तशी १४ पदरांची लांब ताठ दोरी तयार होते. अशा दोऱ्या पेशीला आतून ताणतात, आणि सैल पिशवीचा विळा होतो. अक्षर, रेणू, दोरी, पेशी, वाहिनी, हाड. रचनेतला फरक असा एकेक पायरी चढत शेवटी माझ्या रूममेटच्या मांडीत पोचतो.

आणि आता पाणी.

हॉस्टेलमध्ये त्याच्याकडे कायम दोन लिटरची बाटली असायची. लेक्चरला, सिनेमाला, ट्रेकला, सगळीकडे. आम्ही त्याला 'उंट' म्हणायचो. कॉलेजमध्ये एक सर तर बाटली वर्गाबाहेर ठेवायला लावायचे.

१९७४ मध्ये अमेरिकेत हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी दाखवलं की ऑक्सिजन गेल्यावर या दोऱ्या लगेच तयार होत नाहीत. मधे काही काळ काहीच घडत नाही आणि मग एकदम सगळं घट्ट होतं. या मधल्या वेळात पेशी अरुंद वाहिनीतून निसटली तर वाचली. म्हणजे ही शर्यत आहे, आमच्या भाषेत रेस कंडिशन. आणि हा मधला वेळ पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणावर अवलंबून असतो, तोही कसा, तर साधारण तिसाव्या घाताने! हिशोब करून पाहिला: दाटपणा नुसता ५ टक्के वाढला तरी वेळ सुमारे चौपटीने कमी होतो. अंगातलं पाणी कमी झालं की पेशी आटते, हिमोग्लोबिन दाट होतं आणि शर्यत हरण्याची शक्यता वाढते.

ती बाटली म्हणजे काही सेकंदांची सवलत होती. आम्ही तिची चेष्टा करत होतो.

वाहकांना त्रास का होत नाही, तेही यातच आलं. त्यांच्या पेशीत निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन चांगलं असतं, त्यामुळे मधला वेळ इतका लांबतो की पेशी बहुतेक नेहमीच निसटते. म्हणून बाबा म्हणतात तसे दोघंही धडधाकट दिसतात, आणि खरोखरच धडधाकट असतात.

मग इतकं वाईट अक्षर टिकलं कसं? १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाहणीतून दाखवलं की वाहकांना मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं. जिथे मलेरियाने पिढ्यानपिढ्या पोरं नेली, तिथे हे अक्षर टिकून राहिलं. भारतात १९५२ मध्ये नीलगिरीच्या आदिवासींमध्ये सिकलसेल आढळला आणि १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातली नोंद 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावतीचं मेळघाट, तिकडे नंदुरबार, धुळे... आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या वस्त्यांमध्ये हा आजार घरोघरी माहीत आहे. पुण्या-मुंबईत शिकलेल्या आमच्यासारख्यांना मात्र तो पुस्तकातल्या एका ओळीपुरता.

मला सगळ्यात खटकलं ते पुढचं. रेणू १९४९ मध्ये सापडला. नेमकी जागा १९५७ मध्ये सापडली. इतकं स्वच्छ रूट कॉज ॲनालिसिस तेव्हा दुसऱ्या कुठल्याच आनुवंशिक आजाराचं झालं नव्हतं. आणि या आजारासाठी अमेरिकेत पहिल्या औषधाला, हायड्रॉक्सियुरियाला, मान्यता कधी मिळाली? १९९८ मध्ये. एक्केचाळीस वर्षं! कारण सापडणं वेगळं आणि दुरुस्ती रुग्णापर्यंत पोचणं वेगळं, हे आम्ही कंपनीत रोज बघतो. पण इथे तिकिटामागे माणसं होती, आणि ती बहुतेक गरीब होती, काळी होती, आदिवासी होती.

औषधाचा धागाही जुनाच आहे. १९४८ मध्ये जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंनी पाहिलं होतं की तान्ह्या बाळांच्या रक्तात विळे फार कमी होतात. कारण गर्भातलं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ते या दोऱ्यांत गुंफलं जात नाही. वर्षभरात ते ओसरतं आणि त्रास सुरू होतो. हायड्रॉक्सियुरिया तेच जुनं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली क्रिस्पर जनुक-उपचारपद्धतीही तेच करते, ते बंद पडलेलं बटण कायमचं चालू करते. पण तांबड्या पेशीत सोर्स कोड नाही, आठवतंय ना? त्यामुळे दुरुस्ती अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींत करावी लागते. त्या बाहेर काढायच्या, बदलायच्या, जोरदार केमोथेरपीने जुनी मज्जा रिकामी करायची आणि मग परत घालायच्या. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. गडचिरोलीत बसून हा आकडा वाचायचा म्हणजे... असो. हायड्रॉक्सियुरियाची गोळी मात्र स्वस्त आहे आणि वेळेवर मिळाली तर पुष्कळ काम करते. १ जुलै २०२३ ला केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालं, ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवून. त्या मोठ्या आकड्याची खरी परीक्षा उपकेंद्रातल्या कपाटात गोळ्या आहेत की नाहीत, इथे होणार.

तर पत्र. बाबांना मी लिहिलं ते थोडक्यात असं:

"बाबा, पोरगाही निरोगी आहे आणि आपली ताईही. दोघांत कोणताही दोष नाही. पण दोघांकडे एकेक बिघडलेलं अक्षर आहे. प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की बाळाला दोन्ही अक्षरं बिघडलेली मिळतील आणि त्याला तुमच्या मुलासारखा त्रास होईल. चारात दोन की ते वाहक होईल, चारात एक की काहीच नसेल. पहिलं मूल चांगलं निघालं म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही, दर वेळी फासे नव्याने पडतात. गर्भात तपासणी करता येते, ते तंत्र १९७८ पासून आहे. लग्न करा किंवा करू नका हे मी सांगणार नाही. दोघांना जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकांकडे एकत्र पाठवा आणि त्यांना ठरवू द्या. धडधाकट दिसणं आणि अक्षर बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेवढं मात्र लक्षात असू द्या."

रविवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. बाबांनी पत्र दोनदा वाचून घेतलं म्हणे. बुधवारी दोघं जाणार आहेत रुग्णालयात. मग मी ते तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरचं काढलं. म्हटलं, तेव्हा मी जे बोललो ते चुकलं माझं. तो हसला. "सोड ना बे, तुला काय माहीत होतं तेव्हा." मग जरा थांबून म्हणाला, "सांगितलं होतं मी तुला एकदा, पहिल्या वर्षाला. तू इअरफोन लावून होता."

मला आठवत नाही. त्याला आठवतं.

फोन ठेवताना मी विचारलं, पाणी पितोस ना नीट? म्हणाला, "उंट आहे ना मी."